प्रवचनाखालचं टिपण : वॉर्सॉच्या घेट्टोतले रब्बी शापिरा आणि देवाचं मौन

हिब्रू पंचांगातली १८ किस्लेव ५७०३, म्हणजे २७ नोव्हेंबर १९४२, शुक्रवार. वॉर्सॉच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, पियासेच्नो गावचे हसिदी (ज्यू भक्तिपंथातले) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कालोनिमुस काल्मान शापिरा यांनी स्वतःच्याच एका जुन्या प्रवचनाखाली काही ओळी जोडल्या आणि त्याखाली नाव न घालता फक्त ‘लेखक’ असं लिहिलं. ओळींचा आशय असा : ५७०२ सालाच्या अखेरीपर्यंत (म्हणजे सप्टेंबर १९४२ पर्यंत) जी संकटं आली, तसली पूर्वीही येऊन गेली होती. पण त्यानंतर ह्या खुन्यांनी आमच्यासाठी जी विपरीत मरणं नव्याने शोधून काढली, तशी पूर्वसूरींच्या वचनांत किंवा इस्राएलच्या इतिहासात माझ्या माहितीप्रमाणे कधीच नव्हती. देव दया करो आणि पापणी लवायच्या आत आम्हाला सोडवो.

वरचं मूळ प्रवचन डिसेंबर १९४१ मधल्या हनुक्का ह्या सणाचं. त्यात रब्बींनी बरोबर उलटं म्हटलं होतं. काही लोकांची श्रद्धा आता ढळते आहे, ती का? जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला, रोमनांपुढे बेतारचा किल्ला पडला, तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हाच्यांनी विश्वास सोडला नाही, मग आपणच का सोडावा? वर्ष उलटायच्या आत त्यांनी हा युक्तिवाद स्वतःच मागे घेतला. वरचा मजकूर मात्र त्यांनी तसाच राहू दिला.

देवाच्या मौनावर महायुद्धानंतर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि त्यातलं बरंचसं सुरक्षित जागी बसून. तत्त्वज्ञ मार्टिन बूबरनी १९५२ मध्ये ‘देवाला लागलेलं ग्रहण’ अशी कल्पना मांडली. पुढे रिचर्ड रुबेन्स्टाइन, एमिल फाकेनहाइम, एलिएझर बेर्कोविट्स ह्या ज्यू विचारवंतांनी एकमेकांना छेद देणारी उत्तरं दिली. शापिरांचं प्रकरण वेगळं पडतं, कारण तिथे प्रश्न आणि घटना एकाच आठवड्यात घडत होत्या आणि आठवड्यामागून आठवडा त्याची नोंद राहिली आहे. ती नोंद वाचायची कशी, ह्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

कागद

शापिरा १८८९ मध्ये ग्रोजिस्क इथे हसिदी घराण्यात जन्मले. १९२३ मध्ये त्यांनी वॉर्सॉत ‘दाआस मोशे’ ही येशिवा (धर्माभ्यासाची शाळा) काढली आणि मुलांच्या शिक्षणावरचं त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. युद्धाआधी त्यांची ओळख होती ती शिक्षक म्हणून. अत्याचाराचे भाष्यकार व्हायचं त्यांच्या कधी मनात नव्हतं.

प्रवचनं चालायची ती शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिवसाच्या) तिसऱ्या जेवणाला, म्हणजे शनिवारी दिवस मावळताना, झेल्ना रस्त्यावरच्या ५ नंबरच्या घरात. बोलणं यिडिशमध्ये, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या रोजच्या भाषेत, व्हायचं. शब्बाथला लिहिणं निषिद्ध, त्यामुळे शब्बाथ सुटल्यावर रब्बी ते आठवून हिब्रूत उतरवायचे. म्हणजे आज हातात आहे ते बोललेलं जसंच्या तसं नव्हे. तो रब्बींनी स्वतः केलेला हिब्रू आलेख आहे, आणि त्यात ते पुढेही खोडत-जोडत राहिले. बहुतेक प्रवचनांच्या माथ्यावर त्या आठवड्याची पाराशा (तोरातला, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतला, त्या शब्बाथचा भाग) आणि हिब्रू साल एवढंच असतं. तारीख आपण काढायची. हिब्रू सालातून ३७६० वजा केले की इसवी साल निघतं. मात्र तिश्रीपासून (सप्टेंबर-ऑक्टोबर, हिब्रू वर्षाची सुरुवात) ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखांना ३७६१ वजा करायचे. इथे एकाची चूक झाली तर १९४१ च्या हिवाळ्यातलं वाक्य १९४२ च्या हिवाळ्यात जाऊन पडतं, आणि मधल्या काळात घेट्टोतली अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेलेली आहेत.

सगळ्या प्रवचनांत ‘जर्मन’ हा शब्द नाही, ‘नाझी’ नाही. भाकरीचा भाव नाही, टायफसचे आकडे नाहीत. मजकूर पाराशा, राशी (मध्ययुगीन भाष्यकार), तालमूद (जुन्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ), मिद्राश (बायबलवरचं कथारूप विवरण) यांच्यातूनच बोलतो. नवख्या वाचकाला वाटतं, हा माणूस आजूबाजूला बघतच नाही की काय. ते खरं नव्हे. मजकूर सांकेतिक आहे. म्हणजे काय, हे १९३९ च्या नोव्हेंबरमधलं एक प्रवचन घेतलं की लक्षात येतं.

मीठ किती

२५ सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बफेकीत रब्बींचा एकुलता मुलगा एलिमेलेख जबर जखमी झाला. दुसऱ्या दिवशी तो होता त्या रुग्णालयाबाहेर त्यांची सून आणि मेहुणी बॉम्बने मेल्या. २९ तारखेला मुलगा गेला. २० ऑक्टोबरला आई गेली. पत्नी १९३७ मध्येच वारली होती. आईनंतर पंधरा दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, ‘हय्ये सारा’ ही पाराशा आली : बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा २३ वा अध्याय, इसहाकाची आई सारा हिचा मृत्यू.

राशीचं जुनं भाष्य सांगतं की साराचा मृत्यू इसहाकाच्या बलिदानाच्या कथेला लागून येतो, कारण मुलाला बळी द्यायला नेलं हे ऐकून तिचा प्राण उडाला. शापिरा विचारतात, मोशेने ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्या कशासाठी? इथे ते मिठाकडे वळतात. तालमुदाच्या ‘बेराखोत’ ग्रंथात (५अ) म्हटलंय की ‘करार’ हा शब्द मिठासाठी आला आहे तसाच दुःखासाठीही आला आहे. मीठ मांसाला चव आणतं, तसं दुःख माणसाचे दोष धुऊन काढतं. ह्याला रिमानोवचे रब्बी मेनाहेम मेंडेल यांनी पुस्ती जोडली होती : मिठाचं प्रमाण बिघडलं की मांस खाता येत नाही, तसंच दुःखाचं. ते तेवढंच असावं जेवढं सोसेल, आणि त्यात दयाही कालवलेली असावी.

कोशेर (ज्यू धर्मनियमांप्रमाणेचा) स्वयंपाक माहीत असलेल्याला ही उपमा हातात धरता येते. मांस अर्धा तास पाण्यात ठेवायचं, मग सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तासभर निथळत ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. मीठ रक्त ओढून घेतं, ते त्याचं काम. पण ते धुतलंच नाही तर ताट परत पाठवावं लागतं. शापिरा म्हणतात, मोशेने साराचा मृत्यू बलिदानाला चिकटवून ठेवला तो देवाला हेच दाखवायला : माप ओलांडलं की काय होतं ते बघ. पुढे तर ते आणखी धीट होतात. सारानेच ते दुःख इतकं जिवाला लावून घेतलं ते इस्राएलच्या भल्यासाठी, माणसाकडून इतकं सोसवत नाही हे देवाला कळावं म्हणून. १२७ वर्षांनंतरची जी वर्षं तिला मिळाली असती ती तिने सोडली, त्याचा दोष तिच्या माथी नाही.

स्वतःच्या मुलाचं नाव ह्या प्रवचनात एकदाही येत नाही. त्या खोलीत बसलेल्या कोणालाही ते सांगायची गरज नव्हती. इथे देव गप्प आहे असं रब्बी म्हणत नाहीत. त्याच्याकडे तक्रार जाते आहे, आणि ती शास्त्राच्या भाषेत जाते आहे.

मौनासाठी परंपरेत आधीच असलेले शब्द

ज्यू परंपरेला देवाचं मौन १९३९ मध्ये पहिल्यांदा भेटलं असं नाही. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात समुद्र ओलांडल्यावर गायलेल्या गीतात ओळ आहे : ‘देवांमध्ये तुझ्यासारखा कोण?’ तोरात ‘देवांमध्ये’ हा शब्द योद अक्षराशिवाय लिहिलेला आहे. उरतात आलेफ, लामेद, मेम. हीच तीन व्यंजनं ‘इल्लेम’, म्हणजे मुका, ह्या शब्दाचीही. तालमुदात ‘गित्तीन’ ५६ब मध्ये, रोमन सेनापती तीतुस मंदिराच्या परमपवित्र स्थानात शिरून देवाची निंदा करतो त्या प्रसंगी, रब्बी इश्माएलच्या परंपरेतले लोक ती ओळ फिरवून वाचतात : ‘मुक्यांमध्ये तुझ्यासारखा कोण?’ ऐकतोस आणि गप्प बसतोस. एवढी कडवट कोटी, आणि ती बाहेरच्या टीकाकाराची नव्हे, खुद्द तालमुदाच्या पानावरची.

दुसरा शब्द ‘हेस्तेर पानीम’, मुख लपवणं. बायबलच्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात देव म्हणतो की लोकांनी मला सोडलं तर मी माझं मुख झाकून घेईन. म्हणजे मौन ही शिक्षा. ही चौकट शापिरांच्या सुरुवातीच्या प्रवचनांतही अधूनमधून दिसते आणि घेट्टोतल्या इतर धर्मगुरूंनाही तीच जवळची होती. अडचण एवढीच की मूल मेलं की ही चौकट मोडते. कुठल्या पापासाठी?

तिसरा धागा देवाच्या रडण्याचा. १९४२ मध्ये शापिरांनी ह्याचंच सोनं केलं.

रडण्याची खोली

१४ फेब्रुवारी १९४२, ‘मिश्पातीम’ ह्या पाराशेचा शब्बाथ. त्याआधी काही आठवडे, १९ जानेवारीला, खेउम्नोच्या मृत्युछावणीतून एक माणूस निसटला होता. त्याने वॉर्सॉत येऊन दिलेली साक्ष इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गुप्त ‘ओनेग शाब्बात’ संग्रहात लिहिली गेली. प्रवचन ह्यातलं काही बोलत नाही. पण त्याचा सूर बदललेला आहे.

रोमी छळात मारल्या गेलेल्या दहा हुतात्म्यांची कथा रब्बी आठवतात. तेव्हा देवदूत ओरडले होते, हे तोराचं फळ का? आणि वरून आवाज आला, आणखी एक शब्द ऐकू आला तर मी जग पाण्यात बुडवीन. रब्बी विचारतात, मग आता? देवदूतांइतकी निष्पाप लेकरं मारली जात आहेत, त्यांच्या किंकाळ्यांनी आकाश भरलंय, आणि जग पाणी होत नाही. जसं काही देवाला, देव न करो, त्याचं काहीच नाही, असं उभं आहे.

ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ‘हगिगा’ ५ब मध्ये शोधलं. संदेष्टा यिर्मया म्हणतो, माझा जीव गुप्त जागी रडेल (१३:१७). तालमूद सांगतो, देवाची एक जागा आहे, तिचं नाव ‘मिस्तारीम’, गुप्त जागा. लगेच शंका : देव रडतो? १ इतिहास १६:२७ तर म्हणतं, त्याच्या स्थानी बळ आणि आनंद. तालमुदाचं उत्तर : एक आतली दालनं, एक बाहेरची. बळ आणि आनंद एका ठिकाणी, रडणं दुसऱ्या ठिकाणी. ह्याला जोडून विलापगीतावरच्या मिद्राशातला प्रसंग. देवदूत म्हणतो, तू रडू नकोस, मी रडतो. देव म्हणतो, मला रडू दिलं नाहीस तर जिथे तुला यायची परवानगी नाही तिथे जाऊन मी रडेन.

शापिरा हे तुकडे असे जोडतात. देव अनंत, म्हणून त्याचं दुःखही अनंत. त्यातली एक ठिणगी जरी जगात शिरली, एक हुंदका जरी ऐकू आला, तरी सृष्टी उभी राहू शकणार नाही. म्हणून तो आत जाऊन रडतो. बाहेर जे मौन वाटतं तो कानाडोळा नाही, ती आपल्याला वाचवणारी भिंत आहे. पारंपरिक ‘मुख लपवणं’ त्यांनी इथे मुळापासून उलटं केलं : शिक्षेचा पडदा होता, तो आता रडणाऱ्याने लावून घेतलेलं दार झाला. आणि माणसाला त्या दारातून आत जाता येतं, ते अभ्यासाने. तोरा वाचताना, तिच्यातूनच, तो देवाच्या शेजारी जाऊन बसतो. एकट्याचं रडणं माणसाला मोडून टाकतं. तिथे, सोबतीने, रडता रडता अभ्यास करण्याचं बळ येतं. ‘पाराशत हाहोदेश’च्या (१४ मार्च १९४२) प्रवचनात हे सगळ्यात स्पष्ट येतं.

इथे एक सावधगिरी. हे वाचून ‘दुःखी देव’ हा दिलासा सगळीकडे चिकटवायचा मोह होतो. घेट्टोत ही मांडणी एका ठरावीक कामासाठी होती. ज्याला पान उलटायचीही ताकद उरली नाही, त्याने पुढचं पान कसं उलटावं, हे सांगायचं होतं. ज्याला अभ्यासाची ती शिस्त नाही त्याच्या हाती हा विचार दिला, तर मधलं दारच नाहीसं होतं आणि नुसतं भावविवश वाक्य उरतं.

शेवटचं प्रवचन

१८ जुलै १९४२, ‘शब्बाथ हाझोन’. अव महिन्याच्या नवमीच्या उपासाआधीचा हा शब्बाथ. (कोकणातल्या बेने इस्राएल घरांत हाच उपास ‘बिरड्याचा सण’. दोन्ही मंदिरांच्या नाशाचं सुतक पाळून उपास सुटतो तो बिरड्यावर.) रब्बी बोलले ते संदेष्टा यशयाच्या ‘दर्शन’ ह्या शब्दावर : संकट ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. चारच दिवसांनी, २२ जुलैला, उपासाच्या आदल्या दिवशी, ट्रेब्लिंकाकडे मोठी हद्दपारी सुरू झाली. ती २१ सप्टेंबरपर्यंत, योम किप्पुरपर्यंत (प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत) चालली. रब्बींची मुलगीही त्यातच गेली. घेट्टोत साठेक हजारांच्या आसपास माणसं राहिली, बहुतेक कारखान्यांत राबणारी. रब्बीही त्यांतलेच. नवं प्रवचन पुढे एकही नाही. आहेत ती टिपणं.

असंच एक टिपण १९४१ च्या उन्हाळ्यातल्या ‘एकेव’ पाराशेवरच्या प्रवचनाला जोडलेलं आहे. तेव्हा निदान विलाप करता येत होता, शब्द सापडत होते, पुढे शाळा कशा उभ्या करायच्या ही चिंता करता येत होती. आता ५७०२ च्या अखेरीला तेही उरलं नाही, असा त्याचा आशय. हे आणि हनुक्काचं टिपण शेजारी ठेवलं की रब्बी नक्की काय मागे घेत आहेत ते कळतं.

वाचताना कुठे चुकतं

१९६० मध्ये जेरुसलेममध्ये ही प्रवचनं ‘एश कोदेश’, पवित्र अग्नी, ह्या नावाने छापली गेली. हे नाव प्रकाशकांचं. रब्बींनी स्वतः त्यांना संतापाच्या वर्षांतलं तोरा-विवरण म्हटलं होतं, आणि माझ्या मते तेच अधिक खरं, कारण त्यात वर्षं मोजलेली आहेत. पहिल्या छपाईत वाचनाच्या चुका राहिल्या. त्याहून मोठी अडचण ही की मूळ मजकूर, समासातली भर आणि नंतरची टिपणं सगळी एकाच टायपात आली. डॅनिएल रायझर यांनी २०१७ मध्ये हस्तलिखिताच्या छायाप्रतींसह चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्यात थर रंगांनी वेगळे केले आहेत : मूळ काय, खोडलं काय, समासात नंतर काय आलं. ती येईपर्यंत अभ्यासक एका सपाट पानावर वाद घालत होते.

त्या वादात दोन टोकं आहेत. एका टोकाला रब्बी अढळ श्रद्धेचे हुतात्मे, ज्यांनी कधी शंका घेतली नाही. असं म्हणणारे नोव्हेंबर १९४२ चं टिपण गाळतात, किंवा त्यातली शेवटची प्रार्थना तेवढी ठेवतात. दुसऱ्या टोकाला ते टिपण हाच कणा, आणि निष्कर्ष असा की रब्बींची श्रद्धा तुटली. टिपणाचं व्याकरण बघितलं तर दोन्ही अडतात. त्यात मागे घेतलं जातं ते एक ऐतिहासिक विधान : ‘असं पूर्वीही झालंय’. ‘देव आहे’ हे विधान तिथे नव्हतंच, त्यामुळे ते मागे घ्यायचाही प्रश्न नाही. पण नुकसान लहानही नाही. पूर्वी झालंय म्हणून आताही तग धरता येईल, हा हसिदी प्रवचनकाराचा सगळ्यात जुना आधार. तो काढून घेतल्यावर उरते ती फक्त याचना. उदाहरण नाही, युक्तिवाद नाही.

डबे

कागद टिकले कसे, हेही ह्याच प्रकरणाचा भाग आहे. ‘ओनेग शाब्बात’चा पहिला साठा ३ ऑगस्ट १९४२ ला नोवोलिप्की ६८ इथल्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्यांत पुरला. पुरणाऱ्यांपैकी एका तरुणाने, दाविद ग्राबेरने, लिहून ठेवलं की जगाला जे ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं. पेट्यांत पाणी शिरत होतं. १८ सप्टेंबर १९४६ ला त्या निघाल्या तेव्हा कागद भिजून चिकटले होते. त्याच साठ्यात गेला सेक्श्टाइन ह्या चित्रकर्तीची सुमारे तीनशे रेखाटनं आणि जलरंगचित्रंही होती. बरीचशी मुलांची, घरातल्या माणसांची, ओळखीच्या चेहऱ्यांची. मृत्युपत्रात तिने स्तुती मागितली नाही, फक्त आपली आणि आपल्या लहानग्या मुलीची, मार्गोलितची, आठवण मागितली. तिच्या ह्या चित्रांत मारेकऱ्याला जागा नाही, जशी रब्बींच्या प्रवचनांत नाही.

दुसरा साठा फेब्रुवारी १९४३ मध्ये दोन दुधाच्या कॅनमध्ये भरला. हे भांडं साध्या पत्र्यापेक्षा जाड आणि झाकण घट्ट बसणारं, म्हणून आतलं पुष्कळ चांगलं टिकलं. तो त्याच जागी १ डिसेंबर १९५० ला बांधकाम मजुरांना लागला. तिसरा साठा श्वेंतोयेर्स्का ३४ इथे पुरल्याचं सांगतात, तो सापडला नाही. रब्बींची हस्तलिखितं निघाली ती कॅनच्या साठ्यात.

सोबत जानेवारी १९४३ चं पत्र होतं. ज्या सन्माननीय व्यक्तीला किंवा संस्थेला हे सापडेल, तिने तसदी घेऊन ते रब्बी यशया शापिरा, तेल अवीव, पॅलेस्टाइन ह्या पत्त्यावर पाठवावं. देवाच्या दयेने मी आणि उरलेले ज्यू युद्धातून वाचलो, तर हे सगळं मला, किंवा वॉर्सॉच्या रब्बीमंडळाकडे कालोनिमुससाठी, परत करावं. शेवटी पुन्हा टिपणातलेच शब्द : पापणी लवायच्या आत सोडव.

१९४३ मधल्या घेट्टोच्या उठावानंतर रब्बींना त्राव्निकीच्या छावणीत नेलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथल्या सगळ्या ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या, त्यात तेही गेले. पत्त्यावरचे धाकटे भाऊ यशया १९४५ मध्ये वारले, कॅन उघडण्याच्या पाच वर्षं आधी.